भैरोबाची खोळ आणि खांडेनवमीचं इंजिन

भैरोबाच्या ओट्याभोवती मुंगी शिरायलाही जागा नव्हती. प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावरचं हे देऊळ. पणज्यांच्या काळापासून दरवर्षी तेलात कालवलेला शेंदूर देवावर चढत आला होता आणि खालचा देव कसा दिसतो हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. नाक, डोळे, मिशा सगळं एका तांबड्या गोळ्यात गडप झालेलं. ती शेंदराची खोळ हल्लीच गावात उतरलेल्या जलधर महाराजांनी सगळ्यांच्या देखत सोलून काढली होती.

हातात पितळी गोमुख, तोंडी 'जय तापीमाय', आणि गोमुखातून सुटणारी काडीएवढी पांढरी धार. धार फिरेल तिथून शेंदराच्या खपल्या उडायच्या. खालून काळा दगड आणि त्यावर कोरलेला डोळा दिसला तेव्हा बाया हमसून रडल्या. धारेच्या तडाख्यात देवाच्या नाकाचा शेंडाही उडाला. महाराज लगेच म्हणाले, "देवाने अहंकार सोडला!" लोकांनी त्यालाही हात जोडले.

"पानी तं आपलं तापीनंच शे ना, महाराज?" गावातल्या रूपचंदने भाबडेपणाने विचारलं होतं.

"पाणी तेच, बच्चा. पण सोडणारा हात कुणाचा? देवाच्या अंगावरचा शंभर वर्षांचा लेप जातो, तिथे तुमचा रोग काय चीज आहे! रोग म्हणजे पापाचा रंग. आम्ही रंग धुतो."

महाराज रंग धुतात हे खरं होतं. त्यांच्या बोलण्यात खरं तेवढंच होतं.

दवाखान्यातल्या नर्स प्रमिलाबाई आज गर्दीत शिरल्या त्या दर्शनासाठी नव्हे. सिंधुबाईंची लेक कोकिळा त्यांच्याकडे गोळ्या घ्यायची. पोरीच्या हातावर फिकट चट्टा होता आणि त्या जागी टोचलं तरी तिला कळत नसे. महारोगाची सुरुवात होती, पण वेळेवर सापडली होती आणि चट्टा आता विरत चालला होता. अशात तिचं लग्न जमलं. सिंधुबाईंना दिवाळीआधी हात स्वच्छ हवा होता, आणि महाराजांनी आज, खांडेनवमीला, तो धुऊन द्यायचं कबूल केलं होतं.

"गोळ्या कुठे आहेत?" प्रमिलाबाईंनी सिंधुबाईंना विचारलं.

"फेकी दिध्यात, बाई. महाराज म्हणतस, एक तं दवाखाना, नही तं देव."

"आणि धारेने पोरीला दुखलं तर?"

"दुखाव नही! काल महाराजनी दाभन टोचीसन दखाडं. पोर हालनीबी नही. म्हणे, पाप निंघाले तयार शे."

प्रमिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बधिरपणावर त्या औषध देत होत्या, त्याचंच या भामट्याने पुण्य करून विकलं होतं! दगडाचं नाक उडवणारी धार पोरीच्या हातावर पडली तर कातडं निघेल आणि ती ओरडणारसुद्धा नाही. न ओरडणारं गिऱ्हाईक त्याने बरोबर हेरलं होतं.

नगारा वाजला. महाराजांनी नमुना म्हणून भैरोबाच्या पायावर उरलेल्या शेंदरावर धार सोडली, खपल्या उडाल्या, जयघोष झाला. नगारा थांबला तेव्हा प्रमिलाबाईंच्या कानावर काहीतरी आलं. टुक, टुक, टुक.

तापीकाठी हा आवाज बारमाही. केळी आणि ऊस भिजवायला जो तो ऑइल इंजिन लावून बसलेला. लोकांना तो श्वासासारखा सवयीचा झाला होता, म्हणून कुणी ऐकतच नव्हतं. पण आज खांडेनवमी! आज प्रत्येक इंजिन धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून निवांत बसलेलं असतं. आज कुणी चाक फिरवत नाही.

"गिरधरदादा," त्यांनी शेजारी उभ्या गुजर शेतकऱ्याला हाक मारली, "तुमचं इंजिन चालू आहे का?"

"खांडेनवमीले? मी काय येडा शे का? हार घालीसन ठेयेल शे!"

"मग हे कुणाचं?"

गिरधरने कान दिला. तेवढ्यात महाराजांनी पुन्हा धार सोडली आणि टुकटुक जड झाली. धार थांबली तशी ती हलकी झाली. गिरधरचं अर्धं आयुष्य इंजिनाशेजारी गेलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला.

"आरे, हाई तं वझं खेची ऱ्हायनं!"

आवाज देवळामागच्या राहुटीतून येत होता. महाराजांची ध्यानाची जागा, आत जाणाऱ्याचं तोंड वाकडं होतं म्हणे. चेले आडवे आले, पण गिरधर त्यांना ढकलून आत गेला. त्याचं तोंड काही वाकडं झालं नाही.

इकडे कोकिळाने हात पुढे केला होता. महाराजांनी 'जय तापीमाय' म्हणत गोमुख वळवलं आणि इंजिन बंद पडलं. धारेने मान टाकली. गोमुखातून पाणी टपटप महाराजांच्याच पायावर गळू लागलं. महाराजांनी आणखी मोठ्याने जय म्हटला. पाण्याला तो ऐकू गेला नाही.

"या रे, दखा!" गिरधरने कनात फाडली. आत इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, आणि वाळूखालून देवळात, तिथून कफनीआड थेट गोमुखापर्यंत गेलेली जाड नळी. मोटार-गॅरेजात लॉऱ्यांचा चिखल आणि जुना रंग उडवतात ते हे यंत्र. बागेत नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसंच. इथे जोर इंजिनाचा आणि भोक सुईएवढं.

प्रमिलाबाईंनी मखराचा केळीचा खांब ओट्यावर आडवा टाकायला लावला. "गिरधरदादा, सुरू करा." गोमुख त्यांनी स्वतः धरलं. धार बसली आणि खांबाची साल, मग गर, चिंध्या होऊन उडाला. सिंधुबाईंनी कोकिळाचा हात पदराखाली घेतला.

"श्रद्धा नाही, म्हणून केळ फाटली!" महाराज गरजले.

राग आला की प्रमिलाबाईंची शाळेतली मराठी सुटायची आणि धुळ्याची अहिराणी यायची. "तुन्ही तं शे ना श्रद्धा? मंग तुन्हा हात धर आठे!"

महाराजांनी हात झटकन कफनीत लपवला. एवढा वेळ भक्तीने उभी असलेली गर्दी त्या लपवलेल्या हाताकडे बघत राहिली आणि मग एकदम खवळली. महाराज नदीच्या दिशेने पळाले.

"बाई," कोकिळाने हळूच विचारलं, "गोया आखो भेटतीन का?"

"भेटतीन, माय. आजच दवाखान्यात चल."

शेंदूर काढायला सिद्धी लागत नाही, पंप पुरतो. आणि रोगाला औषध लागतं, रोज आणि धीराने. डोळे दिपले की आधी कान उघडा, राहुटीत डोकवा. आणि जो कुणी तुमच्या लेकराचा हात मागेल, त्याला म्हणा, आधी तुझा धर.