बादलीनं केलेली माझी बदनामी

वर माळ्यावर या. वॉशिंग मशीनच्या शेजारी भिंतीवर टांगलेला पांढरा खोका दिसतोय ना, तोच मी, या घराचा कॉम्बी बॉयलर बोलतोय. आज मला गप्प राहवत नाहीये. पहाटेपासून आनंदानं नुसता धडधडतोय!

जन्म माझा कारखान्यातला, पण पहिली ज्योत पेटली ती नीउ-व्हेनेप या डच गावातल्या या घरात. माझ्याकडे गिझरसारखी पाण्याची साठवण नाही. नळ उघडला की मी पेटतो आणि वाहतं पाणी जाता जाता तापवून देतो.

सुचेता आणि स्वप्निल पुण्याहून इथे राहायला आले, तेव्हा सुचेता नोकरी सोडून आली होती. दिवसभर घरात एकटी. गरम शॉवरखाली अर्धा अर्धा तास उभी राहून रडायची. ते फक्त मला माहीत. आता ती रोज कामावर हूफडॉर्पला जाते आणि पाच मिनिटांत अंघोळ उरकते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

यंदा दिवाळीला तिचे बाबा, दीनानाथ, सांगलीहून आले. गुडघ्यामुळे त्यांना शॉवरखाली उभं राहवेना, म्हणून सुचेतानं बादली, तांब्या आणि बसायला स्टूल आणलं. तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

"सुचेता, पाणी कोमटच येतंय गं," बाबा पहिल्याच सकाळी म्हणाले.

स्वप्निलनं शॉवर सोडून पाहिला. पाणी कढत. बादलीत मात्र कोमट. त्यानं माझं तापमान वाढवलं, मला तीनदा बंद करून चालू केलं. फरक शून्य.

"बारा वर्षांचा झालाय हा," तो शेवटी म्हणाला. "शुक्रवारी मॉन्टर, तो दुरुस्तीवाला, येतोय, बदलूनच टाकू. शनिवारी दिवाळीची पहिली अंघोळ आहे, बाबांना कोमट पाणी नको."

माझी काही चूक नाही, हे सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे? जीव तोडून जळत राहिलो, एवढंच.

गुरुवारी दोघं ऑफिसला गेल्यावर बाबांनी नळाखाली बादली ठेवून नळ पूर्ण सोडला आणि तसेच कठड्याला धरून, मध्ये बसत बसत, हा उभा जिना चढून माझ्यापर्यंत आले. या माणसानं साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर चालवलेला! त्यांनी माझ्या अंगाला कान लावला. आत ज्योत घोंघावत होती. मग खालच्या पाइपावर तळहात ठेवला.

"आच तर पुरेपूर आहे तुझी," ते पुटपुटले. "मग पाणीच तुझ्यापाशी थांबत नाहीये."

ते खाली उतरले. थोड्या वेळानं माझ्यातून धावत सुटलेलं पाणी एकदम सावकाश झालं. हायसं वाटलं मला! मनसोक्त तापवलं. अर्ध्या मिनिटात खालून चटका बसलेल्या बाबांचं "आई गं!" ऐकू आलं, आणि पाठोपाठ हसू.

संध्याकाळी ते दोघांना घेऊन वर आले.

"स्वप्निलराव, त्या मॉन्टरला नको म्हणून कळवा. चूक माझी आहे. आमच्याकडे पाणी तासभरच येतं, त्यामुळे हात आपोआप नळ पूर्ण सोडतो. एवढ्या धो धो पाण्याला हा किती पुरा पडणार? तुमच्या शॉवरची धार बारीक, म्हणून तिथं गरम. तीस वर्षं बॉयलर चालवला आणि इथं येऊन अक्कल गहाण ठेवली मी."

"पण बाबा, मी एवढे व्हिडिओ बघितले, बादलीचं कुणीच बोललं नाही."

"त्यांच्याकडे बादलीच नसते," सुचेता म्हणाली.

आज पहाटे बाबांनी तेल-उटणं लावून बादलीभर कढत पाण्यानं अंघोळ केली. बादली भरायला दुप्पट वेळ लागला, पण कुणी कुरकुरलं नाही.

मग नवा सदरा घालून ते पुन्हा जिना चढले. हातात कुंकवाची डबी. "गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्यात बॉयलरची पूजा करायचो आम्ही," ते मला म्हणाले. "तुला उगाच बोल लावला. माफ कर बाबा." आणि माझ्या पांढऱ्या अंगावर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं. बारा वर्षांत मला असं कुणी हात लावला नव्हता.

पाणी कोमट आलं, तर मला मोडीत काढण्याआधी नळ जरा बारीक करून बघत जा. एक दिवस मला इथून उतरवतीलच, त्याची तक्रार नाही. फक्त त्या दिवशी हे कुंकू पुसू नका, त्याच्यासकट जाऊ द्या मला.