रस्त्यापलीकडचे आठशे किलोमीटर

पुढे वळण आहे

नोकरी पक्की होती, फक्त आठशे किलोमीटर लांब होती. सुपरवायझरने हे एका दमात सांगितलं. मध्ये चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. बंदरावर कायमचा ट्रक ड्रायव्हर हवा होता. वेळेवर पगार, ठरलेला रूट, कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टर.

इथे तो बदली ड्रायव्हर. कोणी आजारी पडलं की याची चूल पेटायची. त्याआधी कित्येक वर्षं तो एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होता. लिफ्ट आपली आपण चालायला लागली तेव्हा त्याने अवजड वाहनाचं लायसन्स काढलं. वर-खाली करण्यात जन्म गेलेला माणूस आता पुढे-मागे शिकत होता, आणि मागे अजून नीट जमत नव्हतं.

"सोमवारी सांग," सुपरवायझर म्हणाला. "तोवर तुझ्या गाडीला माल नाही. घराजवळ लाव नि घरच्यांना विचार."

थांबा

घरच्यांना विचारलं. तिथेच गाडं अडलं.

"तुम्ही जा, आम्ही राहू इथे मजेत," बायको म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि तिथे तिच्यावाचून डॉक्टरांना आपली पक्कडसुद्धा सापडत नसे.

"मजेत? बरं. मग जातो मी एकटा. मलाही एकट्याने राहायची आवडच आहे," असं तो म्हणाला, ज्याला एकट्याने झोपही लागत नसे.

"माझं काय, मला कुठेही टाका," त्याची आई म्हणाली, आणि तिने असं तोंड केलं की तिला कुठेही टाकायची सोय उरली नाही.

सगळे दुसऱ्याच्या मनासारखं बोलत होते, त्यामुळे कोणाच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी मुलीने टेबलावर चमचा आपटला. चौथीत होती, पण घरात तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणत.

"शाळेत नाटकाच्या आधी तालीम घेतात. बाबा गेल्याची तालीम घेऊ. सोमवारपर्यंत."

नियम तिनेच केले. बाबांनी रस्त्यापलीकडे ट्रकमध्ये राहायचं. आंघोळ पेट्रोल पंपावर, जेवण मिळेल तिथे. घरी यायचं नाही. फक्त फोन.

"खिडकीतून हात तरी हलवू ना?" त्याने विचारलं.

"आठशे किलोमीटरवरून हात दिसतो का, बाबा?"

हॉर्न वाजवू नये

त्याने ट्रक समोरच्या भिंतीला लावला. मागे घेताना तीनदा चुकला. मग उशी घेऊन केबिनमध्ये चढला, आणि तिथून पुढे तो रस्ता आठशे किलोमीटर रुंद झाला.

सकाळी शेजारची मांजर आठशे किलोमीटर चालून आली नि बॉनेटवर झोपली. भाजीवाली आठशे किलोमीटर गाडी ढकलत आली आणि म्हणाली, "काय हो, बायकोने काढलं वाटतं घराबाहेर?"

"बदली झालीय माझी."

"आमच्याकडे यालाच घराबाहेर काढणं म्हणतात."

दुपारी आई खिडकीत आली.

"अरे ए! भात गरम आहे, वर ये!"

"आई," आतून बायकोचा आवाज, "ते लांब गेलेत. त्यांना ऐकू जाणार नाही."

"मग जरा मोठ्याने ओरडते!" आणि ती ओरडली. गल्लीतल्या चार घरांतून माणसं जेवायला उठली. ज्याच्यासाठी हाक होती तो मात्र स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला, कारण आईच्या मागे खिडकीत इन्स्पेक्टर उभी होती.

खरं दुःख वेगळंच होतं. घर त्याच्यावाचून चालत होतं. बायको वेळेवर कामाला जात होती. मुलगी वेळेवर शाळेत. कचरा बाहेर पडत होता. तो बसल्या जागी आपल्याच घराकडे बघायचा आणि काहीतरी बिघडावं म्हणून मनातल्या मनात वाट पाहायचा. एवढ्या तेवढ्यावर 'अहो, जरा बघा ना' म्हणणारी बायको आता एकदाही फोनवर 'बघा ना' म्हणाली नव्हती.

तिलाही तसंच वाटत होतं. ट्रकमध्ये माणूस कसा ऐसपैस बसलाय, रेडिओ ऐकतोय, कोणाची कटकट नाही! पण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त पडदा दिसायचा.

अरुंद पूल

रविवारी संध्याकाळी फोन आला.

फोनवर: "जेवलात?"

केबिनमध्ये: पाव. त्याला लावायला काही नव्हतं, म्हणून त्याने एका पावाला दुसरा पाव लावला होता.

फोनवर: "पोटभर! इथली खानावळ काय झकास आहे. तू काय करतेयस?"

जिन्यात: दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. इमारतीचा पंप सकाळपासून बंद. वर अजून एक मजला बाकी.

फोनवर: "मी? निवांत टीव्ही बघत बसलेय."

फोनवर: "मग धाप का लागलीय?"

फोनवर: "सिनेमा भीतीचा आहे."

जिन्याला गल्लीच्या बाजूने नुसते कठडे होते, भिंत नव्हती. केबिनमधला दिवा चालू होता.





ती वळणावर थांबून त्याच्याकडे बघत होती. त्याने मान वर केली. तोंडात पाव होता.

"तो पाव खाली ठेवा," ती फोनवरच म्हणाली.

"तू आधी बादल्या ठेव."

तो उतरला आणि रस्ता ओलांडून सरळ जिन्यात शिरला. वरून आरोळी आली, "फाउल! बाबा, फाउल!" त्यामागोमाग आईची, "मी गुरुवारपासून घसा फोडतेय तेव्हा नाही आला!"

दोन्ही बाजूंनी वाहतूक

पायरीवर दोघं बसले, मध्ये दोन बादल्या.

"दवाखान्यात लोक छातीठोकपणे सांगतात, रोज दोनदा घासतो," ती म्हणाली. "मला हसू येतं त्यांचं. आणि आज मी तस्संच बोलले. अडखळलेसुद्धा नाही."

"मीही खानावळ उघडून बसलो."

"इथून दिसलं म्हणून बरं. तिकडून तुम्ही रोज झकास जेवणार, मी रोज टीव्ही बघणार."

"म्हणजे जायचं नाही."

"नाही गेलात तर काय? मागच्या आठवड्यात तुमच्या त्या कंपनीतल्या माणसाला नुसती शिंक आली, तर तुमचा चेहरा खुलला. किती दिवस लोक आजारी पडायची वाट बघणार?"

तो बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिला.

"सगळे जाऊ," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. मला जायचं नाहीये. मला माझा दवाखाना आवडतो. हसतमुखाने आले असं कोणाला सांगू नका."

"नाही सांगणार." जरा वेळाने तो म्हणाला, "मला भीती वाटते. बंदरावर दिवसभर गाडी मागेच घ्यायची असते."

"मग शिका. मी मागे उभी राहून हात दाखवीन."

"मागे नको उभी राहू."

ती हसली. त्याने दोन्ही बादल्या उचलल्या. एक तिने परत घेतली.

पुढे शाळा आहे

त्याने तिथूनच सुपरवायझरला कळवलं, की चौघं येतोय. बायकोने मध्येच फोन ओढून घेतला. "क्वार्टरच्या जवळपास दातांचा दवाखाना आहे का?"

"आहेत तीन-चार. दाढ दुखतेय का?"

"नाही. मला दुसऱ्यांच्या दुखऱ्या दाढांमध्ये रस आहे."

इन्स्पेक्टरला कळलं तेव्हा तिने नियम वगैरे काही काढले नाहीत. आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. एकच मैत्रीण होती तिची, तीही याच वर्षी मिळालेली.

तो दाराबाहेर जमिनीवर बसला.

"मला नाही यायचं," आतून आवाज.

"हं."

"आता म्हणा, तिकडे छान छान मैत्रिणी मिळतील."

त्याच्या तोंडावर तेच आलं होतं. त्याने ते गिळलं. "माहीत नाही गं. मिळतीलही. नाहीही मिळणार लवकर."

आतून कडी वाजली. दार बोटभर उघडलं, फटीत एक डोळा.

"माझ्या मैत्रिणीला दर रविवारी फोन करीन मी. खूप वेळ."

"कर."

"आणि खोल्या किती आहेत तिथे?"

"दोन. एक आजीची."

"आणि दुसरी?"

त्याने आवाज खाली आणला. "आजीचा स्वभाव बघता तीही आजीचीच धर."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"ऐकू येतंय मला! आणि मला खिडकीजवळची हवी!"