यादीतली माणसं

नोकरीचं पत्र आलं की घरात आनंदीआनंद होतो, असा आपला सगळ्यांचा समज. पण तेलक्षेत्राच्या वसाहतीतल्या एका घरात त्या सकाळी पत्रावरून जे वाजलं, ते शेजारच्या तीन घरांना बसल्या जागी ऐकू गेलं.

घर होतं ऑपरेटरचं. छप्पन्न वर्षांचे गृहस्थ, तीस वर्षं एकच काम. अकरा तेलविहिरींवर फिरायचं, प्रत्येकीच्या नळाखाली बाटली धरून नमुना घ्यायचा, बाटलीवर चिठ्ठी लावायची आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायची. पत्र होतं त्यांच्या लेकीचं. थंड करणाऱ्या यंत्रांचा दोन वर्षांचा कोर्स करून चार वर्षं घरी बसलेल्या या मुलीला, चार तासांवरच्या शहरात, एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळायचं काम मिळालं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. मधे उरले होते चार दिवस.

"नाही म्हणून कळव," ऑपरेटर चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले. "यादीत एकसष्टावा नंबर आहे तुझा. तिकडे गेलीस की नाव कट."

आता ही यादी काय, ते सांगायला हवं. विहिरींसाठी जमिनी घेतल्या तेव्हा कंपनीने लिहून दिलं होतं, प्रत्येक पिढीत घरटी एकाला नोकरी. जागा निघतील तशी, यादीच्या क्रमाने. अट एकच, यादीतल्या माणसाने दुसरा कायमचा कामधंदा धरायचा नाही. झालं! सगळा भाग यादीला लटकला. लग्नं यादीवर ठरत, भांडणं यादीवरून होत, आणि हातपाय धड असलेली माणसं "नाव आहे आपलं" म्हणत पारावर बसून म्हातारी होत.

"बाबा, आपला अठरादादा सहा वर्षं अठराव्या नंबरावरच अडकलाय," लेक म्हणाली. "माझ्यापुढे साठ माणसं आहेत. माझी पाळी येईपर्यंत मी तुमच्या वयाची होईन."

"तेल आहे तोवर नोकरी आहे. कंपनीची नोकरी म्हणजे काय ते तुला कळायचं नाही."

"तेल आहे का पण?"

ऑपरेटरांनी टोपी घातली आणि सायकल काढली.

बायको दारापर्यंत आली. "अहो, पोरगी रात्रभर त्या पत्राकडे बघत बसली होती. एकदा तरी नीट विचार करा."

"विचार करूनच बोलतोय," ते म्हणाले. ते काही खरं नव्हतं. विचार करायचा त्यांना कंटाळा आला होता. तीस वर्षांत गुडघे गेले, कमरेचा काटा ढिला झाला, आणि आता दिवस ढकलून निवृत्तीपर्यंत पोचणं एवढंच त्यांना जमण्यासारखं वाटत होतं.

सातव्या विहिरीवर त्यांनी नळ सोडला. बाटली भरली, कठड्यावर ठेवली आणि सवयीने पाहत राहिले. तेल आणि पाणी वेगळं व्हायला थोडा वेळ लागतो. ते नोकरीला लागले तेव्हा बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी दिसायचं, वर सगळं काळंभोर तेल. आता उलटं झालं होतं. सगळी बाटली गढूळ पाण्याची आणि वर बोटभर तेल. बाकीच्या दहा विहिरींची तऱ्हा काही वेगळी नव्हती. पंप मात्र पूर्वीइतकेच जोरात चालत, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, वा, काय काम चाललंय!

आणि जे ऑपरेटर रोज डोळ्यांनी बघत, ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर लोक विचारत, "काय ऑपरेटर, आज कसं?" ते म्हणत, "भरपूर आहे रे बाबांनो, काळजी नको." लोकांचे चेहरे खुलत. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा खुललेला चेहरा बरा वाटतो. त्यात काय बिघडलं?

प्रयोगशाळेत त्या दिवशी बाई खोक्यात काचेची भांडी भरत होत्या. एकोणीस वर्षं ऑपरेटरच्या बाटल्या तपासणाऱ्या याच बाई. पाणी वेगळं करायचं मोठं यंत्र जागेवर नव्हतं. जमिनीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे राहिले होते.

"यंत्र कुठे गेलं, बाई?"

"नव्या क्षेत्रावर पाठवलं. मीही जातेय पुढच्या महिन्यात. इथे आता नवी भरती नाही, ऑपरेटर. जो निवृत्त होईल त्याची जागा बंद. तुमचीसुद्धा."

ऑपरेटर स्टुलावर बसले. "मग यादी?"

"यादी कागदावर आहे. ती कोणी फाडणार नाही, कारण फाडली तर ओरडा होईल. ठेवली तर कोणी काही विचारत नाही."

"पण लोक मला विचारतात ना रोज! काय सांगू त्यांना?"

"आजवर काय सांगत होता?"

ऑपरेटर आपल्या बाटल्यांकडे पाहू लागले. बाईंनी हातातली बरणी खाली ठेवली.

"तुम्ही धीर देत होता, मला माहीत आहे. पण खोट्या धीरावर माणूस घर बांधतो हो. जमिनीतलं तेल एकदाच निघतं. हे काही पीक नाही, पुढच्या हंगामात पुन्हा यायला. या तेलावर देशाच्या गाड्या चालल्या, कारखाने चालले, चांगलंच झालं. पण इथे काय उभं राहिलं? एक गिरणी नाही, एक बरा कारखाना नाही. कारण इथली चांगली माणसं यादीत नाव घालून बसली. तेल आटणारच होतं, त्यात कोणाचा दोष नाही. दोष आपला आहे, आपल्याला दिसत होतं आणि आपण बोललो नाही. मी अहवाल लिहिले, वर पाठवले आणि हात झटकले. मीही तुमच्यातलीच."

ऑपरेटरांना बाईंचा राग आला. मग लक्षात आलं, राग बाईंचा नाहीच.

परत येताना टपरीवर अठरा भेटला. चाळिशीचा माणूस. सहा वर्षं अठराव्या नंबरावर अडकला, म्हणून लोक त्याला अठरा म्हणू लागले. खरं नाव त्याच्या आईलाही क्षणभर आठवावं लागे. अठराचा हात हुशार होता. वसाहतीतले पंखे, पंप, मिक्सर तो बसल्या बसल्या दुरुस्त करायचा, तेही फुकट, कारण धंदा म्हटलं की नाव कट.

आज तो खुशीत होता. "काका, गंमत सांगतो. पंपांच्या मोटारींची वाइंडिंग करणारे चाचा आहेत ना कोपऱ्यावरचे, त्यांचे हात कापायला लागलेत. म्हणाले, दुकान तू घे, मी फक्त गल्ल्यावर बसतो. मी सरळ नाही सांगून आलो!"

"का रे?"

"का म्हणजे? कालच म्हणालात ना तुम्ही, सात नंबर जोरात आहे म्हणून! आता दीड-दोन वर्षांचा तर प्रश्न."

ऑपरेटरांच्या तोंडातला चहा कडू झाला. बाटल्या भरताना त्यांना कधी अपराधी वाटलं नव्हतं. पण समोर हा हुशार हातांचा माणूस हसत उभा होता, आणि त्याने आपलं आयुष्य ज्यावर टांगलं होतं ती खुंटी होती त्यांची एक सवयीची थाप!

"खोटं बोललो," ते म्हणाले.

टपरीवरची चार-पाच डोकी वळली.

"सात नंबर जोरात नाही. कुठलीच विहीर जोरात नाही. दहा भाग काढले तर नऊ भाग पाणी येतंय. नवी भरती होणार नाही. माझी जागासुद्धा बंद होणार आहे. यादीत आता काही उरलेलं नाही, बाबांनो!"

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ऑपरेटरांना वाटलं.

"कधीपासून माहीत होतं?" अठराने विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

अठराने ग्लास बाकावर ठेवला. "नऊ वर्षांपूर्वी मी एकतीसचा होतो, काका."

एवढंच बोलून तो निघाला. ऑपरेटर सायकल हातात धरून त्याच्या मागे निघाले. दुकानात चाचांसमोर उभं राहून त्यांनी स्वतः रदबदली केली. पण चाचांनी दुपारीच दुसऱ्याला शब्द दिला होता, पंचवीस वर्षांच्या एका पोराला. "त्याच्या हाताखाली बसणार असशील तर ये," चाचा ओशाळून म्हणाले. अठरा उंबऱ्यापर्यंत आला. मग त्याने चपला काढल्या आणि आत जाऊन बसला. ऑपरेटरांकडे त्याने वळून पाहिलं नाही.

घरी लेक पत्राला नकार लिहीत बसली होती. डोळे सुजलेले. ऑपरेटरांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"बाबा?"

"चुकलं माझं, पोरी. माझी भीती मी तुझ्या गळ्यात बांधत होतो. तू जा. उद्या तुझं नाव मी स्वतः कमी करून येतो."

बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात!" आणि घरात कित्येक दिवसांनी कोणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी यादीच्या कचेरीत कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "नक्की ना, ऑपरेटर? एकदा कट केलं की पुन्हा लागत नाही."

"करा कट."

मागे एक बाई उभी होती. हातात फॉर्म, शेजारी नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा. "नाव घालायला आलोय," ती अभिमानाने म्हणाली. "आता पोराची काळजी मिटली."

ऑपरेटरांचे गुडघे ठणकत होते आणि कामाला उशीर झाला होता. तरी ते थांबले. "ताई, फॉर्म भरायच्या आधी जरा या बाकावर बसा," ते म्हणाले. "मी विहिरींवर काम करतो. तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत."

वाचकहो, तेल काय किंवा दुसरी कसलीही खाण काय, जमिनीतलं धन आज ना उद्या संपणारच. ते संपण्याआधी आपल्या मुलांच्या हाताला काम शिकवणं हे आपलं काम आहे. आणि ज्याला ते संपताना दिसतं, त्याने तोंड उघडलं पाहिजे. त्याच्या गोड बोलण्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी आपल्या उमेदीच्या वर्षांनी मोजावी लागते, आणि ती वर्षं कुणालाच परत करता येत नाहीत.