शुक्रवारचा आकडा

त्या गुरुवारी मी पोचले तेव्हा बाबा गच्चीवर जायच्या तयारीत दारातच उभे होते. गळ्यात दुर्बीण, खिशात पेन्सिल, पायात आईच्या स्लिपर.

"उशीर केलात, साहेब."

"बस चुकली."

"असू दे. तारा थांबलाय. त्याला कुठं बस पकडायचीय!"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "जा, सावत्र आईला भेटून ये. आणि लवकर उतरा, पानं घेतेय मी."

बाबा तीस वर्षं एकाच ताऱ्याकडे बघत आले होते आणि आई त्याला सवत म्हणायची. उत्तर मुकुट नावाचा ताऱ्यांचा एक छोटा अर्धगोल आहे, त्याच्या आतला हा तारा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. वर्षानुवर्षं एकसारखा तेवतो आणि मग एखाद्या दिवशी, काही कारण न सांगता, विझायला लागतो. कधी महिन्यांनी परत येतो, कधी वर्षांनी. तो कधी पडेल हे कुणालाच आधी कळत नाही, म्हणून जागोजागची हौशी माणसं रोज त्याच्यावर नजर ठेवतात. शेजारचा एक तारा त्याच्याहून जरा उजळ, एक जरा मंद. आपला त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते नजरेनं ठरवायचं आणि आकडा लिहायचा. आकडा वाढला की तारा मंदावला. महिन्याचा तक्ता निरीक्षक मंडळाकडे पाठवायचा.

आमचा एक नियम होता. आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना सांगायचा नाही, आणि जेवायला बसल्यावर दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. त्या दिवशी माझा सहा निघाला. बाबांचा सहा पूर्णांक चार.

"हरलात, तुम्हाला मंद दिसला," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. चिठ्ठी बोटांत धरून बसले. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणाला डॉक्टर. मला आता सगळेच तारे पिठात घोळल्यासारखे दिसतात. यापुढे तुझाच आकडा वहीत घालू या."

"माझा कशाला?"

"तू न बघता लिहीत नाहीस म्हणून."

घास माझ्या हातातच राहिला.

बाबा पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचे. दिवसाला दीडशे दारं. दार बंद असलं की त्यांचे सोबती मागच्या महिन्यांवरून अंदाजानं आकडा टाकून मोकळे व्हायचे. बाबा 'कुलूप' असं लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच जिना चढायचे. ताऱ्याच्या वहीतही तेच. आभाळ भरलं असेल तर 'ढग', आणि स्वतःला जाता आलं नाही तर 'कुलूप'.

बावीस वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मंगळवार ते शुक्रवार ते दवाखान्यात होते आणि वही माझ्याकडे होती. मी एकोणीस वर्षांची. मंगळवारी वर गेले, बुधवारी गेले, गुरुवारी गेले. शुक्रवारी एका कादंबरीची शेवटची चाळीस पानं राहिली होती. गच्चीला सदतीस पायऱ्या. मी लोळत वाचत राहिले, आणि पुस्तक मिटल्यावर वहीत कालचाच आकडा उतरवला. सहा. कादंबरीचा शेवट काय होता, मला आज आठवत नाही.

शनिवारी बाबा घरी आले. टाके ओले असताना, आईच्या शिव्या खात, माझ्या खांद्यावर हात टाकून वर चढले. दुर्बीण डोळ्याला लावली आणि लहान मुलासारखे ओरडले, "पडला! अगं, पडला! काल तू सहा लिहिलंस ना? आज सात पूर्णांक दोन! एका दिवसात एवढा!" त्या आठवड्यात त्यांनी मंडळाला दोन पानी टिपण लिहून पाठवलं.

तेव्हा बोलले नाही. मग लग्न झालं, नोकरी लागली, दर गुरुवारी येत राहिले, आणि बोलायचं राहूनच गेलं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं," त्या जेवणात मी म्हटलं.

"सांग की."

"आधी जेवा दोघं," आई म्हणाली. "आकाश काही पळून जात नाही."

"पुढच्या गुरुवारी सांगते," मी म्हटलं.

"नोंद करून ठेवतो," बाबा म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं.

शुक्रवारी दुपारी ते वर्तमानपत्र छातीवर ठेवून झोपले. चार वाजता आई उठवायला गेली.

तेरा दिवसांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. आधी हळहळले. मग चाचरत म्हणाले, "या महिन्याचा तक्ता अर्धाच असेल, तरी पाठवाल का? त्यांचा शेवटचा म्हणून जपून ठेवू. फार काटेकोर माणूस. तीस वर्षांत एकच आकडा काय तो..."

"कुठला?"

"जाऊ द्या हो, जुनं झालं."

मी फोन ठेवला आणि बाबांची फाइल काढली. त्या वर्षीच्या तक्त्यामागे मंडळाचं पत्र टाचलेलं होतं. शुक्रवारी चार निरीक्षकांनी तारा सहा पूर्णांक आठ पाहिला आहे, आपला आकडा तेवढा वेगळा पडतो, चूक झाली असल्यास तो आणि त्यावरचं टिपण मागे घ्यावं. खाली बाबांच्या उत्तराची कार्बन प्रत. हजेरी लिहावी तसं टपोरं अक्षर.

'सदर आकडा माझ्या मुलीने घेतला आहे. तिची नजर माझ्याहून चांगली आहे व ती न पाहता लिहिणारी नाही. आकडा मागे घेता येत नाही. या कारणाने माझ्या इतर नोंदींबद्दल शंका वाटत असेल, तर नवीन निरीक्षकांचे तक्ते तपासण्याचे काम माझ्याकडून काढून घ्यावे, तक्रार नाही.'

काढून घेतलं होतं. मला तो दिवस आठवतो. बाबा तक्त्यांचा गठ्ठा दोरीनं बांधून टपालात टाकायला निघाले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तरुण पोरं आलीत, त्यांना करू दे. मी किती दिवस दुसऱ्यांच्या बेरजा तपासू?" मी म्हटलं होतं, "बरंच झालं, तुम्हाला आराम." आणि परत पुस्तकात डोकं घातलं होतं.

आई दारात उभी होती. माझ्या हातातला कागद तिनं ओळखला असावा.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पत्र आलं तेवढं माहीत होतं. मी म्हटलं, पोरीला विचारून तरी बघा. तर माझ्यावरच उखडले. तीन दिवस बोलले नाहीत सवतीपायी." ती आत आली. "काय झालंय गं?"

"वर जाऊन येते. मग सांगते."

"स्लिपर घालून जा. गच्ची तापलेली असते."

ती जुनी वही आणि या महिन्याचा तक्ता घेऊन वर गेले तेव्हा साडेसात झाले होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. दुर्बिणीचा पट्टा बाबांच्या मापाचा होता. ती माझ्या पोटापर्यंत लोंबली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते थांबायला लावायचे, तशी थांबले. अर्धगोल सापडला. आत तो होता. उजळ शेजाऱ्याकडे पाहिलं, मंद शेजाऱ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे. दोनदा डोळे पुसावे लागले, म्हणून तिसऱ्यांदा पाहिलं. सहा.

तक्त्यावर आजची नोंद केली. मग बावीस वर्षांपूर्वीची वही उघडून शुक्रवारची ओळ शोधली. बाबा कधी खोडरबर वापरू देत नसत. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, कुलूप. तक्त्याच्या शेऱ्यात मंडळासाठी तारीख घालून तेच लिहिलं आणि खाली माझी सही केली.

बाबा उभे राहायचे त्या कठड्यापाशी मी गेले. तिथे त्यांच्या कोपराच्या घासण्यानं चुन्याला गुळगुळीत खळगा पडला आहे. त्यात हात ठेवला.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, त्या शुक्रवारी मी वर आलेच नव्हते. खाली वाचत लोळले होते. तो आकडा मी मनानं लिहिला. मी तारा पाहिलाच नव्हता, बाबा."