इस्त्रीतली अडेल पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. लांबीला तुमच्या करंगळीएवढी, जाडीला नखाएवढी. विजेच्या इस्त्रीच्या पोटात माझं सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, इस्त्रीची गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठलात तरी चालेल. इस्त्री चकचकीत असते, तिचं कौतुक करायला सगळं जग आहे. मी आतली. आणि आधीच सांगून ठेवते, गोड बोलणं मला जमत नाही. ‘नाही’ म्हणणं हा माझा धंदा आहे आणि तो मी इमानाने केला आहे.

एका कारखान्यात पितळेचा पत्रा आणि निकेल मिसळलेल्या लोखंडाचा पत्रा एकमेकांवर ठेवून जड रोलरखाली दाबले, आणि त्यातून मला कापून काढलं. म्हणजे माझं एक अंग पितळेचं, दुसरं लोखंडाचं. दोघांचे स्वभाव अगदी उत्तर-दक्षिण. पितळ उतावळं, जरा ऊब लागली की लांब व्हायला निघतं. लोखंड मात्र ढिम्म, तापलं तरी जेमतेम हलतं. दोघं असे घट्ट चिकटलेले की एकट्याने कुठे जायची सोय नाही. मग पितळ वाढतं, लोखंड त्याला धरून ठेवतं, आणि त्या ओढाताणीत मी अख्खी लोखंडाच्या बाजूला वाकते. गार झाले की परत सरळ.

‘मोडेन पण वाकणार नाही’ असं माणसं छाती पुढे काढून सांगतात. सांगोत बापडी. मी वाकले नाही ना, तर त्याच छातीवरचा सदरा जळून जाईल. मग बसा उघड्या छातीने.

इस्त्रीत मला बसवलं तेव्हा शेजारीपाजारी कसे भेटले तेही सांगते. तांब्याची तार म्हणजे मोकळं दार. वीज आली की या, बसा, पुढे जा. कॉइल त्याच्या उलट. ती विजेला सुखासुखी जाऊ देत नाही, आणि त्या झटापटीत लालभडक होते. इस्त्रीची सगळी ऊब त्या भांडणातून येते. मधे अभ्रकाचा पातळ पापुद्रा. तो विजेला उंबऱ्याबाहेर उभं करतो, पण उष्णतेला तेवढी वाट देतो. खाली जाड तळ, तो उष्णता घेतो आणि कापडाला देतो. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला मी. माझ्या टोकाला चांदीचा बारीक टिकला आहे. तो समोरच्या टिकल्याला टेकलेला असतो तोवर वीज वाहते. तळ हवा तेवढा तापला की मी वाकते, टिकला सुटतो, वीज थांबते. बाहेरचा लाल दिवा विझतो. तळ निवला की मी सरळ होते आणि दिवा पुन्हा लागतो. टक् बंद, टक् चालू.

आमचं दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, त्यावर घोंगडी आणि वर पांढरी चादर. मागच्या खोलीत राहणं. मागच्या खोलीला दार एकच, तेही दुकानातच उघडणारं. दुकान आबांनी सुरू केलेलं. पाय अधू झाल्यावर ते मागच्या खोलीत खुर्चीवर बसायचे आणि काम सुनेच्या हाती आलं. मुलगा दूर खाणीत नोकरीला, अधूनमधून यायचा. आबा तिला सूनबाई म्हणायचे, म्हणून गिऱ्हाइकंही तिला सूनबाईच म्हणू लागली. तिच्या आजीच्या वयाच्या बायकासुद्धा. तिला त्याचं काही वाटायचं नाही, उलट त्याच नावाने उधारीवाले घाबरायचे.

आबांनी उमेदीची वर्षं कोळशाच्या इस्त्रीवर काढली होती. ती कधी किती तापेल याचा नेम नसायचा. त्यामुळे मी आले तेव्हा माझे फार लाड झाले. रेशीम असो की सुती, चटका म्हणून बसायचा नाही. आबा गिऱ्हाइकांना सांगायचे, या इस्त्रीला डोकं आहे. ते डोकं म्हणजे मी, हे मी तुम्हाला सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

सूनबाईचे हात माझ्या भरवशावर तयार झाले. कोणी दारात आलं, आबांनी हाक मारली, दूध उतू जायला लागलं की ती इस्त्री उभी करून ठेवायची आणि जायची. बटण बंद करायची नाही. का करेल? मागे मी होते ना. ती परत येईपर्यंत मी कितीतरी वेळा टक् टक् करून घर सांभाळलेलं असायचं. तिला ते ऐकूही यायचं नाही.

मग हॉटेलचं काम आलं. जाडजूड, ओलसर टेबलक्लॉथ, गाठोडीच्या गाठोडी. असलं कापड उष्णता घटाघटा पितं. सूनबाईला इस्त्री आणखी गरम हवी होती, माझ्या हद्दीच्या पलीकडे. मी नाही म्हणायची. दिवा विझायचा. ती चुकचुकायची, दिवा लागायची वाट बघत हात आपटायची. हॉटेलची गाडी दारात येऊन भोंगा वाजवायची. इतकी वर्षं मी डोकं होते, आता मी नखरेल झाले, म्हातारी झाले, अडेलतट्टू झाले. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय!

त्या गल्लीत एक मेकॅनिक होता. त्याला सगळे डायरेक्टदादा म्हणायचे. स्वभावाने लाख माणूस. रात्री-अपरात्री हाक मारा, पिशवी घेऊन हजर. फक्त त्याच्याकडे औषध एकच. पंप मधेच बंद होतो? करा डायरेक्ट. पंखा रेग्युलेटरवर अडतो? करा डायरेक्ट. जे जे म्हणून वाटेत उभं राहून विजेला अडवतं, त्याला तो बाजूने तार घालून वळसा द्यायचा. वस्तू लगेच चालू व्हायची आणि लोक खूश. एवढ्या लवकर दुरुस्त करणारा माणूस लोकांना देवासारखाच वाटणार.

सूनबाईने त्यालाच बोलावलं. म्हणाली, “दादा, हिला डायरेक्ट करून टाका. दर वेळी मधेच बंद पडते.”

मागच्या खोलीतून आबांचा आवाज आला. “अगं सूनबाई, ती बंद पडत नाही. थांबते.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एवढं नेमकं कोणी ओळखलं नव्हतं. पण ऐकतंय कोण! दादा म्हणाला की आबा, काळजी करू नका, हातासरशी करून देतो. त्याने इस्त्री उघडली, माझ्या पाठीवरून तांब्याची तार नेली, एक टोक इकडे पिळलं, एक टोक तिकडे पिळलं आणि झाकण लावलं. मला काढलंसुद्धा नाही. काढून फेकलं असतं तर परवडलं असतं. मला जागेवर ठेवून माझा शब्द काढून घेतला.

इस्त्री तापली. मी वाकले, टिकला सुटला. नाही म्हणाले! आणि माझ्या पाठीवरच्या तारेतून वीज खुशाल शीळ घालत निघून गेली. मला तो राग अजून आठवतो. पण मी काय केलं, सांगू? गप्प बसले नाही. कोणी ऐको न ऐको, तापलं की मी वाकायचीच. टक्. दिवा जळतच राहायचा. तरी टक्.

बाहेर सगळे आनंदात. टेबलक्लॉथ भराभर निघत होते. सूनबाई डोळ्यांत तेल घालून काम करत होती आणि जरा जास्त तापलं की हाताने बटण बंद करत होती. ते तिला जमलंही. पण हात कामात असतानाचं लक्ष वेगळं आणि हात सुटल्यावरची सवय वेगळी. सवय माझ्यावर बेतलेली होती आणि मला तर त्यांनी बाजूला सारलं होतं.

एका दुपारी हॉटेलची गाडी आली. सूनबाईने नेहमीसारखी इस्त्री उभी केली, गाठोडं उचललं आणि बाहेर गेली. पाठीमागे वाऱ्याने दार लोटलं गेलं. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं आणि गाठोडी मागे ढकलायला तिचीच मदत मागितली. दुकानात मी, आणि मागच्या खोलीत आबा.

मला डोळे नाहीत. बाहेर काय झालं ते मी नंतर माणसांच्या बोलण्यातून जुळवलं. पण आत काय झालं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. कॉइल पांढरट होईपर्यंत तापली. मी माझ्या हद्दीला वाकले, टिकला सुटला, वीज चालूच. हद्द ओलांडली. एवढ्या उष्णतेत मी कधीच गेले नव्हते. उष्णता काही टेकल्यावरच लागते असं नाही, ती हवेतून उडीही मारते. उभ्या इस्त्रीच्या तळासमोर टेबलक्लॉथचा ढीग होता. त्याची कड आधी पिवळी, मग तपकिरी झाली आणि धुमसू लागली. खालची घोंगडीही करपायला लागली.

आबांना वास आला. त्यांनी हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्या विरल्या. मग ते काठी टेकत मागच्या खोलीच्या दारापर्यंत आले. पुढे धूर. बाहेर पडायची वाट टेबलाला घासून जाणारी, आणि प्लग टेबलाच्या मागे, त्यांच्या हाताबाहेर. त्यांनी काठीच्या मुठीने तो धुमसता ढीग ओढून जमिनीवर पाडला, आणि त्यात तोल जाऊन स्वतःही खाली बसले. खोकल्याने त्यांना उठता येईना.

इस्त्री अजून तापत होती. घोंगडीने पेट घेतला असता तर आबा मागच्या खोलीतच अडकले असते. मी मात्र आणखी वाकले. पितळ माझ्या अंगात पिसाळलं होतं, आणि लोखंड सोडत नव्हतं. वाकता वाकता माझी पाठ त्या तांब्याच्या तारेला लागली. तारेचा पीळ उष्णतेने काळा पडून सैल झाला होता. मी ढकललं. हललं नाही. आणखी तापले, आणखी वाकले, आणखी ढकललं. माझ्या बुंध्यात काहीतरी कायमचं तुटल्यासारखं झालं. आणि तार निसटली.

वीज थांबली! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकलं.

सूनबाई आत आली तेव्हा धूर होता, पण ज्वाळा नव्हत्या. तिने प्लग ओढला, ढिगावर बादली ओतली, आबांना धरून बाहेर ओट्यावर नेलं. कितीतरी वेळ ती त्यांचा हात सोडत नव्हती. मग म्हणाली, “आबा, मी सवयीने गेले हो. ती थांबेल म्हणून.”

आबा म्हणाले, “थांबायला तिच्या हातात काही ठेवलं होतं का आपण?”

ते ‘आपण’ म्हणाले. सूनबाई तेव्हा रडली.

दादाला बोलावलं. त्याने इस्त्री उघडली आणि निसटलेली तार बघून म्हणाला, पीळ सैल राहिला असेल. घ्या! त्याचं काम चोख असतं तर त्या दिवशी आबा राहिले नसते. असो. अर्धा त्याचा ढिलेपणा, अर्धा माझा राग, असं मी समजते. सवयीने तो पुढे म्हणाला, “परत आवळून देऊ का, वहिनी?”

सूनबाईने त्याला मागच्या खोलीचं एकुलतं एक दार दाखवलं. टेबलाचा करपलेला कोपरा दाखवला. मग म्हणाली की नवीन थर्मोस्टॅट आणून बसवा. आणि मला बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवत विचारलं, “दादा, गल्लीत आणखी कुठे कुठे डायरेक्ट करून ठेवलंय?”

तो बोटांवर आठवू लागला. कोपऱ्यावरच्या शिंप्याची इस्त्री. वरच्या माळ्याचा पंप. पाळणाघरातला गीझर.

बोट तिथेच राहिलं. त्याने पिशवी उचलली. आबा म्हणाले, चहा घेऊन जा. तो म्हणाला, आधी तिकडे जाऊन येतो. मला मात्र त्याने मुठीत धरूनच ठेवलं. म्हणाला, “ही मला लागेल. लोक म्हणतील, दादा, तूच तर केलंस. माझं ऐकणार नाहीत. हिला बघतील.”

तेव्हापासून मी त्याच्या शर्टाच्या खिशात असते. माझ्या बुंध्याला पीळ पडला आहे, मी पूर्ण सरळ होत नाही, आणि कोणत्याही इस्त्रीत आता मला जागा नाही. कीव करू नका, मला ती पचत नाही. दादा दारोदार जातो, काडी पेटवून माझ्याखाली धरतो, आणि मी लोकांच्या डोळ्यांदेखत वाकते. मग तो त्यांच्या घरातली तार काढतो. काही जण अजूनही कुरकुर करतात. पाळणाघरातल्या बाईंनी त्या दिवशी विचारलंच होतं की आता गीझर मधेच बंद पडणार का. आतल्या खोलीत पोरं झोपली होती. दादाने वर न बघता तार सोडवली आणि म्हणाला, “बंद नाही पडणार, बाई. थांबेल.”

मित्रांनो, मला तेल नको, पॉलिश नको, कौतुक तर मुळीच नको. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, आणि ती ऐन घाईच्या वेळी आडवी आली, तर तिला वळसा घालू नका. ती तुमची वैरी नाही. ती थांब म्हणाली की थांबा. आणि नाही थांबलात, तरी ती वाकणारच.