मोशीत फिरायला कोण येतं?

सुमनताईंनी त्या पोरीला पहिल्यांदा पाहिलं ते गच्चीवर मिरच्या वाळत घालताना. गल्लीच्या तोंडाशी उभी, पाठीला सॅक, डोक्याला टोपी आणि मोबाइल थेट सुमनताईंच्या घरावर रोखलेला. तिनं एक फोटो काढला, दोन पावलं मागं सरकली, पुन्हा एक काढला. सुमनताईंनी हातातल्या मिरच्या तशाच टाकल्या.

टाकणारच की हो! घर तसं जुनं, दोन मजल्यांचं, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. पण गच्चीवर त्यांच्या लेकानं, सुजितनं, नवी खोली चढवली होती. चाकणच्या कंपनीतून सुट्टी मिळेल तशी, एकेक थर करत. परवानगी? अहो, या गल्लीत परवानगी काढून कुणी साधा संडास बांधला नव्हता. सुजितच्या होणाऱ्या सोयऱ्यांनी, कुरुळीच्यांनी, तोंडावर सांगितलं होतं, पोरीला स्वतंत्र खोली असेल तरच लग्न. रविवारी ते खोली बघायला यायचे होते. आणि महापालिकेच्या पाडापाडीवाल्यांची रीत सगळ्या गल्लीला पाठ होती. आधी साध्या कपड्यातलं माणूस येऊन फोटो काढतं, मग जेसीबी येतो. नवं बांधकाम तेवढं पाडून थांबेल तर तो जेसीबी कसला! पलीकडच्या जयमालाची वरची खोली पाडताना खालचं स्वयंपाकघरही गेलं होतं.

त्या तडक खाली उतरल्या. "काय गं, कुनाचं घर शोधतीस?"

"कुणाचं नाही मावशी, फिरायला आलेय. मी मिनल, चिपळूणची. नव्या इमारती बघायचा नाद आहे मला, एकटीच हिंडते. तुमच्या शहरात आज पहिलाच दिवस. सकाळी पुनावळ्याचे टॉवर बघितले, आता इकडे."

फिरायला! मोशीत! इथली माणसं सुट्टी मिळाली की कोकणात पळतात, आणि ही कोकण सोडून पुनावळ्याचे टॉवर बघायला आली म्हणे. थाप मारावी, पण जरा पटेल अशी तरी मारावी. जयमालाकडे आलेला तो माणूस निदान भाड्यानं खोली बघतोय असं म्हणाला होता.

सुमनताई मात्र तोंडभरून हसल्या. "मग ये की आत. उन्हात कशाला हुबी ऱ्हातीस? च्या घे."

पोरीला खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला आणि मागच्या जिन्यानं त्या वर धावल्या. सुजित रात्रपाळी करून झोपला होता. त्याला गदागदा हलवलं.

"ऊठ! फोटोवाली आलीया. म्या खाली धरून ठिवते. तू पत्रं काढ, म्होरली भिंत उतरव."

"आये, नुसती पोरगी असंल कुनीतरी."

"नुसती पोरगी लोकांच्या घरांचं फोटू काढत हिंडती व्हय?"

"रविवारी मानसं येत्यात, आये."

"घरच न्हाई ऱ्हायलं तर रविवारी काय दावशील? कठड्याएवढी ठेव."

गल्लीचा हाच तोडगा होता. भिंत कमरेपर्यंत उतरवली की तिचा गच्चीचा कठडा होतो, आणि कठड्याला कुणी हात लावत नाही.

खाली चहा झाला. मग पोहे टाकले. वर घण पडायला लागला तशी सुमनताईंनी मिक्सर सुरू केला. शेंगदाण्यांचं पीठ व्हायची वेळ आली तरी मिक्सर बंद होईना. मिनलनं पोह्यांना हातच लावला नव्हता. ती एकदा दाराकडे बघे, एकदा छताकडे.

"मावशी, वर काय पडतंय?"

"मांजर हाय."

"आणि दाराला कडी का लावलीत?"

"कुत्री शिरत्यात."

पोरीनं सॅक मांडीवर ओढून घट्ट धरली. तिलाही आता या बाईची भीती वाटू लागली होती. तरी जिज्ञासा काही सुटेना. "तुमची वरची खोली नवीन ना हो? ती विटांच्या जाळीची भिंत कुणी बांधली?"

घ्या! आली मुद्द्यावर! "कंची खोली? वर कठडा हाय निस्ता."

वरचा आवाज थांबला. सुमनताईंनी मिक्सर बंद केला, कडी काढली आणि आता मात्र ताठ मानेनं म्हणाल्या, "इस्वास नसंल तर चल, डोळ्यानं बघ."

गच्चीवर धुळीचा लोट होता. पत्रे एका बाजूला, विटांचा ढीग दुसऱ्या बाजूला. सुजित कठड्याला टेकून बसला होता, डोळे लाल, हाताची सालटी निघालेली. मिनल चारी बाजूंना बघतच राहिली.

"भिंत कुठे गेली?"

"कंची भिंत?"

तिनं मोबाइल पुढं केला. "ही. बसमधून दिसली. एवढी आवडली की ही बघायलाच मी पुढच्या स्टॉपवर उतरून मागं चालत आले."

सुमनताईंनी मोबाइल हिसकावलाच. बोटानं मागं मागं सरकवत गेल्या. टॉवर. पुन्हा टॉवर. कुणाची तरी बाल्कनी, एक गोल जिना, पाण्याची टाकी. आणि एका टॉवरपुढं ही पोरगी, गालात वडापाव कोंबून स्वतःच स्वतःचा फोटो काढतेय. पाडापाडीवाले असला फोटो काढत नाहीत, एवढं सुमनताईंनाही कळत होतं.

त्या मिरच्यांच्या शेजारी मटकन खाली बसल्या. काय करून बसले मी! लेकाच्या हातून लेकाचीच खोली पाडून घेतली. सुजितनं आईकडे बघितलं आणि मान फिरवली.

मिनलला उलगडा झाला तशी ती पांढरीफटक पडली. "माझ्यामुळे पाडलीत? मावशी, मी खरंच... थांबा, फोटो आत्ताच्या आत्ता डिलीट करते. कुणाच्या हाती लागायला नको."

सुमनताईंनी तिचं मनगट धरलं. फोटोत भिंत उभी होती. एक वीट सोडून एक लावलेली, मधल्या भोकांतून ऊन आत उतरलेलं, वर पत्रा, कोपऱ्यात सुजितचा वाळत घातलेला शर्ट. अगदी राहती खोली.

"पुसू नगंस, सुजितच्या मोबाइलवर धाड," त्या म्हणाल्या. "रविवारी सोयऱ्यांना दावायला दुसरं काय हाय आमच्याकडं?"

मग त्यांनी कठड्यावरून गल्लीत वाकून बघितलं आणि आवाज खाली आणला. "पन जाताना खाली कुनाला दावू नगंस हां, पोरी."