वाढीव गुण

तीस वर्षं त्याने शंका घेण्याचाच पगार खाल्ला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दुसरं करतो काय? दोर धडधाकट दिसला तरी त्यावरून हात फिरवायचा, ब्रेक लागला तरी पुन्हा लावून बघायचा. आणि आता अशा माणसाला हुकूम सुटला होता, शंका घ्यायची नाही!

हुकूम झाडपाल्याचं औषध देणाऱ्या पालेवाल्यांचा. बायकोचा कॅन्सर यकृतात पसरला. हॉस्पिटलवाले म्हणाले, आता आजार हटणार नाही, दुखणं तेवढं कमी ठेवू. तेव्हा मेहुणीने कुठूनतरी हे गृहस्थ शोधून काढले. त्यांनी रिपोर्टांची जाडजूड फाईल न उघडताच बाजूला सारली.

"ताज्या पाल्याचा रस, दिवसातून तीनदा. हॉस्पिटलची दुखण्याची गोळी एकही घ्यायची नाही, ती रसाचा जोर मारते. आणि एक लक्षात ठेवा, घरात कुणी शंका घेतली तर गुण येत नाही."

वा रे वा! म्हणजे बरी झाली तर रसाने केली, आणि नाही झाली तर नवऱ्याने मारली. त्यातली मेख त्याला तिथेच दिसली होती. पण बायकोने मान डोलावली. मग त्याने मिठाची गुळणी धरली.

बायको गणित शिकवायची. शाळेत बाई म्हणून घरातही बाईच, तोसुद्धा तिला बाई म्हणायचा. जन्मात तिने कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. मुख्याध्यापकांचा मुलगा अर्ध्या गुणाने नापास केला आणि वर त्यांनाच सांगून आली, "कमी म्हणजे कमी." तर अशा बाईने पालेवाल्यांचा 'गुण' शब्द ऐकला आणि घरी येऊन वहीच घातली. रोज लाल पेनने रसाला दहापैकी गुण. पहिल्या दिवशी चार, मग पाच, पुन्हा पाच, मग सहा.

"आज किती, बाई?"

"सहा."

"अरे वा, चढताहेत की!" असं म्हणून तो हसायचा. दहा मजले जिन्याने चढून गेल्यावर दमत नसेल इतका तो त्या हसण्याने दमायचा.

सकाळी उठून पाला निवडायचा, धुवायचा, हाताने वाटायचा, कारण मिक्सर चालत नाही म्हणे. दोनदा फडक्यातून गाळायचा. तिला बसतं करून पाजायचा, उलटून पडला की पुसायचं, की धावत कामावर. दुपारी परत तेच, संध्याकाळी परत तेच. नखं हिरवीकाळी झाली होती. कमरेचा पार भुगा झाला होता. त्याचं त्याला काही नव्हतं. पण उशीचा अभ्रा बदलताना एका कोपऱ्याला दातांची भोकं दिसली. दुखणं असह्य झालं की ती उशी चावत होती. त्याने अभ्रा गुपचूप धुवायला टाकला, आणि पहिल्या दिवशी टाकून न देता लपवलेल्या हॉस्पिटलच्या गोळ्या तशाच त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली राहिल्या.

बाविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, रस तीनदा बाहेर आला. बाई गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, चेहरा राखेसारखा. तो फरशी पुसत असताना तिने हात लांब करून वही ओढली. आकडा लिहिला. त्याने वाकून पाहिलं. सात.

"सात?" त्याच्या तोंडून निसटलंच. "बाई, तुला सरळ होता येत नाहीये. सात कसे आले?"

बोलून बसला होता, आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. चुलीत गेला तो नियम! तो ओल्या फरशीवरच बसला.

"मी शंका घेतोय. पहिल्या दिवसापासून घेतोय. वाटताना घेतोय, गाळताना घेतोय. माझ्यामुळे गुण आला नसेल तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण खोटे गुण देऊ नकोस, बाई. तुला शोभत नाही."

बाईने लाल पेन खाली ठेवलं.

"तुम्हीसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?"

"पहिल्याच आठवड्यात शून्य देणार होते मी. पण तुम्ही आलात की हात पुसायच्या आधी वही बघायचात. चढताहेत की, म्हणून हसायचात. इतकं राबत होतात... मला नापास करवेना हो. देत गेले वाढवून."

"त्या रसाला?"

"रसाला कसले? तुम्हाला!"

मग ती हसायला गेली आणि हसताना कळ आली, तशी तिने त्याचं मनगट गच्च धरलं.

"गोळ्या टाकून दिल्यात का?"

"पिशवीत आहेत. पान्यांच्या खाली."

"रोज घेऊन जात होतात कामावर?"

"रोज."

"मग आणा की! बसलात काय?"

पाकिटावरची अक्षरं घासून गेली होती. एक गोळी, दोन घोट पाणी. त्याने तिचे पाय दाबत पाऊण तास काढला. हळूहळू गुडघे सुटले, मुठी उघडल्या.

"दहापैकी?" त्याने विचारलं.

"आठ."

"वाढीव किती?"

"एकही नाही," ती म्हणाली, आणि बोलता बोलता झोपली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पाठ टेकून, तोंड उघडं टाकून झोपली.

संध्याकाळचा पाला फेकायला तो स्वयंपाकघरात गेला. तिचा आजार त्याच्या हातात नव्हता, ते त्याला केव्हाच पटलं होतं. पण ही झोप हातात होती. एकवीस दिवस त्याच्या पिशवीत होती, आणि पलीकडच्या खोलीत बाई उशी चावत होती. तिला जाग येऊ नये म्हणून रस गाळायचं फडकं तोंडात कोंबून तो ओट्याखाली बसून रडला.